परत पाठवलेला मिक्सर

अंधेरी पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गापासून दोन वळणं आत, एक भरलेला मिक्सर परत जाताना मी पाहिला. रात्र बरीच झाली होती. ड्रम फिरत होता, आत सहा घनमीटर काँक्रीट होतं, आणि पालिकेची एक तरुण कनिष्ठ अभियंता चालकाला गाडी मागे घ्यायला सांगत होती. ठेकेदाराचा सुपरवायझर तिच्याशी हुज्जत घालत होता. रहिवासीही वैतागले होते. महिनाभर खणलेल्या रस्त्यावरून त्यांची ये-जा चालली होती. तिथे तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. तरी गाडी परत गेली.

कुठली गाडी परत पाठवायची हे ती कशावरून ठरवते, ते समजून घ्यायला मी नंतरही त्या साइटवर जात राहिलो.

चाचणी साधी आहे. पत्र्याचा एक शंकू, उंची 30 सेंटिमीटर, वर निमुळता, खाली रुंद. तो ओल्या पत्र्यावर ठेवून मिक्सरमधलं काँक्रीट थराथरानं भरायचं आणि प्रत्येक थराला सळईने 25 ठोसे द्यायचे. वरचं काँक्रीट काठाशी सपाट करून शंकू सरळ वर उचलायचा. आतला ढीग खचतो; किती खचला ते पट्टीने मोजायचं. त्यालाच स्लम्प म्हणतात. हीच चाचणी काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवर गाडी निघताना झालेली असते आणि तो आकडा चलनावर असतो. साइटवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. घोटाळा असेल तर तो या दोन आकड्यांच्या मधल्या प्रवासात झालेला असतो.

तो प्रवास मुंबईच्या वाहतुकीतून होतो. गाडी कोंडीत अडकली की माल घट्ट होऊ लागतो. ड्रममध्येच तो बसला तर चालकाचं मोठं नुकसान. गाडीला पाण्याची टाकी असते, नळ हाताशी असतो. थोडं पाणी सोडलं की माल पुन्हा मऊ, ओतायला सोपा. मजुरांनाही फळी फिरवायला तोच बरा वाटतो. पण ते पाणी काँक्रीटची ताकद खातं. वरचा थर भुकटीसारखा निघायला लागतो, भेगा पडतात. त्या रात्री काही दिसत नाही. दिसतं ते दोन पावसाळ्यांनंतर.

शंकू भरणारा मुलगा बिहारचा, प्रयोगशाळेकडून आलेला. ठोसे तो मोठ्याने मोजतो. गाड्या रांगेत उभ्या असोत, सुपरवायझर घाई करो, त्याचं मोजणं चुकत नाही: तेईस, चौबीस, पच्चीस. मग सळई पुसून पुढचा थर. पहाटेच्या सुमाराला, सगळे पेंगुळलेले असताना आणि ओल्या सिमेंटचा, डिझेलचा वास नाकात बसलेला असताना, मी त्याला एकदा विचारलं, मनात का मोजत नाहीस? "मॅडम को सुनाई देना चाहिए," तो म्हणाला. देखरेख ती हीच, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे.

सुपरवायझरचा मुद्दा वेगळा होता, आणि भेटेल तेव्हा तो तोच मांडायचा. "दहा वर्षं हा रस्ता आमच्याच गळ्यात आहे. आम्ही कशाला खराब करू?" दहा वर्षं हा आकडा खरा आहे. 2023 पासूनच्या काँक्रिटीकरणाच्या कंत्राटांत दोषदायित्व कालावधी 10 वर्षांचा आहे. काम झाल्यावर ठेकेदाराला 80 टक्के रक्कम मिळते. उरलेले 20 टक्के त्या कालावधीत टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्याची कंत्राटं सुमारे 6 हजार कोटींची, त्यामुळे हे 20 टक्के काही किरकोळ नाहीत.

पण ही तरतूद पुरेशी आहे असं मला वाटत नाही. 20 टक्के अडकतात कंपनीचे. काँक्रीट पुरवणारा प्लांट बहुतेकदा दुसऱ्याचा असतो, गाडी तिसऱ्याची, आणि पाण्याचा नळ चालकाच्या हातात. दहा वर्षांचा धाक त्या नळापर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती फक्त साइटवर उभी असलेली अभियंता. आरे वसाहतीतल्या एका रस्त्यावर प्लांटवरचा आणि साइटवरचा स्लम्प जुळला नाही, तेव्हा 2025 मध्ये पालिकेने ठेकेदाराला दोन वर्षं निविदांपासून दूर ठेवलं. ती मोठी कारवाई एका शंकूपासून सुरू झाली होती.

देखरेखीवर देखरेख ठेवायचे प्रयोग मुंबईने कमी केलेले नाहीत. 2016 च्या रस्ते घोटाळ्यात 34 रस्त्यांची चौकशी झाली आणि अटक झालेल्यांत ठेकेदारांच्या माणसांबरोबर त्रयस्थ लेखापरीक्षकही होते, म्हणजे ज्यांना बघण्यासाठीच पैसे दिले होते ते. पालिकेचे वरिष्ठ अभियंतेही त्यात अडकले. 2024 मध्ये आयआयटी मुंबईला गुणवत्ता तपासणीसाठी नेमण्यात आलं. ते चांगलंच झालं. पण रोज रात्री, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक गाडीपाशी आयआयटीचे प्राध्यापक उभे राहू शकत नाहीत.

आणि काँक्रिटीकरणाचा नेमका हाच काळ असा गेला की विचारायला पालिकेत सभागृहच नव्हतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्याच वर्षी पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले, पुढच्या वर्षी शहरभर काँक्रीटची कामं निघाली, आणि हे सगळं प्रशासकांच्या सहीने चाललं. स्थायी समितीत ठेकेदाराच्या नावावर अडून बसणारा, प्रभागातल्या खड्ड्याचा फोटो घेऊन उभा राहणारा कुणी नव्हता. नगरसेवकांच्याही भानगडी असतात, हे मान्य. तरी बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या माणसाला तक्रार घेऊन जायला एक दार होतं, ते जवळपास चार वर्षं बंद राहिलं.

खराब रस्त्याची किंमत कुणी मोजली, ते अंधेरीत सांगावं लागत नाही. मरोळचे दादाराव बिल्होरे 2015 पासून स्वतः खड्डे बुजवतात. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्यामुळे गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि ती जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा मार्गही खुला ठेवला. तो निकाल त्या अभियंतेने वाचला होता. तिला त्याची भीती वाटत नव्हती. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "गाडी परत पाठवली की मला फोन येतात," ती म्हणाली. "गाडी ओतून घेतली की एकही येत नाही."

जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृहात पुन्हा 227 नगरसेवक बसले आहेत. त्यांनी आपल्या प्रभागातल्या प्रत्येक काँक्रीटच्या रस्त्याचे दोन कागद मागावेत: गाडीगणिक स्लम्पची नोंद, आणि त्याच मालाच्या क्यूबचा 28 दिवसांनंतरचा दाब-चाचणीचा अहवाल. कामाच्या जागी ठेकेदाराच्या नावाचा फलक लावतातच. हे आकडेही तिथेच लावले तर गल्लीतल्या माणसाला कळेल की मिक्सर परत जातो तो त्याच्या भल्यासाठी.

असे आकडे लोकांसमोर लावायला तुमची हरकत असेल का, असं मी तिला विचारलं होतं. चलनावर सही करत ती म्हणाली, "लावा की. सही माझीच आहे त्यावर."