मोतीबिंदूचे अंधत्व मोजायचे कसे?

मोतीबिंदूने किती जणांची दृष्टी गेली, हे शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून कळत नाही. त्या नोंदींत दवाखान्यापर्यंत पोचलेलेच मोजले जातात. ज्या आजीला तालुक्याला नेणारे कोणी नाही, ती कुठल्याच वहीत सापडत नाही. म्हणून दारोदार पाहणी हवी. त्यासाठीच्या जलद पद्धतीत गावे-वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडतात आणि फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांची नजर तपासतात. तरुणांना वगळणे काहींना खटकेल. पण बहुतेक अंधत्व पन्नाशीनंतरच असते, त्यामुळे थोड्या खर्चात कामापुरता अंदाज मिळतो. खरी मेख गैरहजरांची आहे. शेतावर गेलेल्याला बहुधा नीट दिसत असते, घरी भेटतो तो अधू. गैरहजरांकडे पुन्हा फेरी मारली नाही, तर आकडा फुगतो.

२०१५-१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या १.९९ टक्के लोकांना अंधत्व आढळले, त्यातले ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे. जुन्या पाहण्यांशी तुलना मात्र जपून करावी. भारताने २०१७मध्ये अंधत्वाची सीमा ६/६० वरून ३/६० या आणखी अधू नजरेवर आणली, आणि एवढ्यानेच, एकही शस्त्रक्रिया न होता, कागदावरचे अंध कमी होतात.