बुडालेली चांदी नेमकी कुणाची?

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. समुद्राच्या तळाशी पडलेली चांदी तुम्ही स्वतःच्या खर्चानं वर काढली. पंचाहत्तर वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. मग आता ती कुणाची? सिनेमे बघून आपण म्हणतो, ज्याला सापडली त्याची. कायदा तसं म्हणत नाही. तो काय म्हणतो, ते मुंबईहून निघालेल्या एका जहाजाच्या निमित्तानं बघू.

जहाजाचं नाव एसएस तिलावा. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. शेवटचा थांबा डर्बन. जहाजावर साडेनऊशेहून जास्त माणसं होती, त्यांत बहुतेक भारतीय. २३ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात आय-२९ या जपानी पाणबुडीनं त्याच्यावर टॉर्पेडो सोडला, थोड्या वेळानं दुसरा. २८० माणसं गेली. दोन दिवसांनी एचएमएस बर्मिंगहॅम ही ब्रिटिश युद्धनौका तिथं पोचली आणि वाचलेल्यांना घेऊन मुंबईला परत आली.

जहाजाच्या पोटात चांदीच्या विटाही होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं त्या नाणी पाडायला विकत घेतल्या होत्या. २०१७ मध्ये अर्जेंटम एक्सप्लोरेशन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं सुमारे अडीच किलोमीटर खोलवरून २,३६४ विटा वर काढल्या आणि साउथहॅम्प्टनला नेऊन सरकारदरबारी त्यांची नोंद केली. किंमत अंदाजे ४.३ कोटी डॉलर!

आता कायदा. बुडालं म्हणून मालकी संपत नाही. मालकानं हक्क सोडलाय हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणं अवघड असतं. म्हणजे वर काढणारा सहसा मालक होत नाही, त्याला बक्षिसी मिळते. यालाच सॅल्व्हेज म्हणतात. धोका किती होता, कौशल्य किती लागलं, मालाची किंमत काय, हे बघून रक्कम ठरते. हाती काही लागलं नाही, तर एक पैसाही नाही. त्यामुळे अर्जेंटमचं म्हणणं 'चांदी आमची' असं नव्हतंच. 'आमची मेहनत द्या' इतकंच होतं. मला तरी हे म्हणणं गैर वाटत नाही.

पण इथं मालक म्हणजे एक देश. परक्या देशाला आपल्या कोर्टात खेचता येत नाही, हा जुना नियम. ब्रिटनच्या १९७८च्या कायद्यात त्याला काही अपवाद आहेत. त्यातला एक असा, की जहाज आणि माल दोन्ही व्यापारी कामासाठी वापरात असतील, किंवा तशा वापरासाठी असतील, तर मालावर दावा लावता येतो. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. मध्ये 'अँड' आहे, एक अट फॉल्स झाली की सगळं फॉल्स.

जहाज व्यापारी होतं, त्यावर वाद नव्हता. भांडण चांदीवरून. भाडं भरून व्यापारी जहाजातून चाललेला माल म्हणजे व्यापारी वापरातच आला, असं खालच्या कोर्टानं २०२० मध्ये म्हटलं. अपील कोर्टानं २०२२ मध्ये बहुमतानं तेच उचलून धरलं. कंपनी दोनदा जिंकली.

८ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सगळं फिरवलं. समजा, तुम्ही दिवाळीला आईसाठी मिक्सर घेतला आणि एसटीनं गावी पाठवला. रस्त्यात एसटी वापरात आहे. मिक्सर? तो खोक्यात नुसता बसलाय. कोर्टाचा मुद्दा साधारण हाच. १९४२ मध्ये चांदी वापरात नव्हती, तिची फक्त ने-आण चालली होती. आणि पुढे तिची नाणी पाडायची होती, म्हणजे तो मुख्यतः सरकारी उद्देश, व्यापारी नव्हे. सबब दक्षिण आफ्रिकेला कोर्टात ओढता येणार नाही.

गंमत म्हणजे तोवर दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड केली होती. मुद्दा महत्त्वाचा, म्हणून न्यायाधीशांनी निकाल तरीही दिला. तडजोड किती पैशांवर झाली, ते गुप्त.

मला मात्र हे वाचताना दुसरंच एक कलम अडलं. सॅल्व्हेजच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वाचवलेल्या माणसाकडून बक्षिसी मागता येत नाही. हे बरोबरच आहे, बुडणाऱ्याला कोण बिल लावेल? पण माणसं वाचवणाऱ्याला काही मिळायचंच असेल, तर ते मालाच्या बक्षिसीतून. जहाज किंवा माल वाचलाच नाही, तर वाटा कशातून काढणार? म्हणजे आजच्या या हिशोबात बर्मिंगहॅमनं समुद्रातून उचललेल्या ६७०हून जास्त माणसांसाठी वेगळा रकानाच नाही.

२३ नोव्हेंबर २०२२ ला, बरोबर ८० वर्षांनी, तिलावावरच्या माणसांचे नातेवाईक मुंबईत जमले होते. चांदीचा वाद तेव्हाही लंडनमध्ये मिटला नव्हता.