टाळ्या रंगमंचावर, टोमणे रस्त्यावर

साडी नेसलेला पुरुष ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. गवळणीतली मावशी पुरुषच करतो. भारुडात डोईवर पदर घेऊन गाऱ्हाणे सांगणारी सासुरवाशीण बहुधा गावातला एखादा गडीच असतो. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवले. १९८८ साली आलेला 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर कितव्यांदा लागला आहे याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले की आजी, सून आणि नातू एकाच सोफ्यावर बसून हसतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि वाटूही नये.

पण तेच मान वेळावणे, तोच हातवारा एखाद्या मुलात रस्त्यावर दिसला, तर त्याच सोफ्यावरची माणसे काय म्हणतात? 'बायल्या', 'छक्का' हे शब्द आपल्याकडे चौथीतल्या पोरांनाही येतात. ते त्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न मात्र पालकसभेत निघत नाही.

काही वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका शाळेच्या गॅदरिंगला मी गेलो होतो. सातवीतल्या एका मुलाने नऊवारी नेसून लावणी केली. मुलगा खरोखर सुरेख नाचला. वन्स मोअर मिळाला, बक्षीसही मिळाले. महिना-दीड महिन्याने त्याचे वडील रस्त्यात भेटले. माझ्या ओळखीचे होते. म्हणाले, "काय करू सांगा की सर, पोरगं शाळेलाच जाईना. सगळी पोरं त्याला मावशी म्हणत्यात."

"नाच वाईट झाला होता का?" मी विचारले.

"तसं कसं! वन्स मोअर मिळाला की!"

टाळ्या वाजवणारी आणि मावशी म्हणणारी पोरे एकच होती. वडिलांनी मग त्याला तालमीत घातले, 'जरा गडी होऊ दे' म्हणून. तो तिथे रमला नाही. त्याने एकच गोष्ट पक्की शिकून घेतली. रस्त्याने जाताना हात अंगाशी घट्ट धरून चालायचे. पुढे शिक्षणासाठी पुण्याला गेला. सणासुदीला घरी येतो. नाचत मात्र नाही. तो मुलगा मोठेपणी कोण होणार होता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. गल्लीने मात्र निकाल देऊन टाकला होता.

नारायणराव आणि नाच्या

आपल्या या दुटप्पीपणाचा इतिहास जुना आहे. पुरुषाला साडी आपण हौसेने नेसवलेली नाही. घरंदाज बाईने रंगमंचावर पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता, म्हणून ती नेसवावी लागली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. कलावंतिणींच्या वस्तीतूनही नकार आला. शेवटी एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका हा असा एक पुरुष होता. याच साळुंक्यांनी १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

रंगभूमीवर तर बालगंधर्वांचे राज्य होते. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ साली 'मानापमान'ची भामिनी झाले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांनी पदर कसा घेतला, अंबाड्यावर फुले कशी माळली, हे बघून घरोघरच्या बायका तसे करू लागल्या. बाईने कसे दिसावे, हे बाईला एका पुरुषाने शिकवले आणि महाराष्ट्राने ते कौतुकाने शिकून घेतले. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्यावरचा चित्रपट २०११ साली आला, तेव्हा सुबोध भावे शालू नेसून पडद्यावर येताच लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

हे झाले संगीत नाटकाचे. तमाशाकडे आलो की चित्र बदलते. आमच्या सोलापूरचे राम जोशी पेशवाईच्या उत्तरकाळातले मोठे शाहीर. ब्राह्मणाघरी जन्मून तमाशाच्या नादी लागले म्हणून घरच्यांनी त्यांना बाहेर काढले, अशी कथा सांगतात. त्या काळच्या फडात बाईच्या वेषात नाचणारे पोरगेच असे. त्या 'नाच्या पोऱ्या'ला बालगंधर्वांचा मान कधी मिळाला नाही. स्त्रीपार्टी नटाचे काम होते, तो पुरुष आहे हे प्रेक्षकाला विसरायला लावणे. नाच्याचे काम नेमके उलटे. तो धड बाई नाही आणि धड पुरुष नाही, याची आठवण त्याने क्षणोक्षणी करून द्यायची आणि लोकांनी हसायचे. एक दिवाणखान्यातली कला ठरली, दुसरी वेशीबाहेरची. दोघांचा मान त्यांच्या अभिनयावर ठरला नाही. समोर कोण बसले आहे आणि फड कोणत्या जातीच्या माणसांचा आहे, यावर तो ठरला.

याची किंमत कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मोजली. तमाशापटांतला त्यांचा नाच्या सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. प्रत्यक्षात ते बायकामुलांचे संसारी गृहस्थ होते. पण लोकांनी पडद्यावरचा माणूसच खरा मानला. बाहेर चेष्टा झाली, घरच्यांनाही त्या प्रतिमेची झळ लागली. २००८ साली ते गेले. आनंद यादवांच्या 'नटरंग' या कादंबरीतला गुणा कागलकर हाच भोग भोगतो. अंगाने पैलवान असलेला हा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवते. २०१० साली आलेल्या चित्रपटात गुणा झालेले अतुल कुलकर्णी याच सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले आणि इथल्या हौशी रंगभूमीवर वावरले. त्यांनी पैलवानाचे शरीर कमावले आणि मग ते उतरवूनही दाखवले. चित्रपट सुटल्यावर डोळे पुसत बाहेर पडलेली माणसे मी पाहिली आहेत.

आणि तसे असते तर?

गणपत पाटलांची कैफियत ऐकली की आपण हळहळतो आणि म्हणतो, "बिचारे! ते काही खरे तसे नव्हते." हे वाक्य चांगल्या मनाने म्हटले जाते. पण त्याच्या पोटात काय दडले आहे? ते खरेच तसे असते, तर त्यांची चेष्टा करायला हरकत नव्हती, असाच त्याचा अर्थ होतो. आपली दया चुकीच्या माणसावर झालेल्या अन्यायापुरती असते. अन्याय मुळातच चूक आहे, हे मान्य करायला आपण तयार नसतो.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कोणी कोणता वेष घातला ही एक गोष्ट. स्वतःला मनातून स्त्री समजावे की पुरुष, ही दुसरी. आणि कोणाविषयी ओढ वाटते ही तिसरी. बालगंधर्वांनी साडी नेसली म्हणून ते तृतीयपंथी झाले नाहीत. समलिंगी पुरुष साडी नेसतोच असेही नाही. बहुतेक जण तुमच्या-आमच्यासारखे शर्ट-पँट घालून कचेरीत जातात. आपण मात्र तिन्हींची एक मोट बांधून तिच्यावर एकच शिवी चिकटवतो. या शिवीमागे भीती असते आणि किळसही असते. इंग्रजीत तिला 'होमोफोबिया' म्हणतात. मराठीत तिला सर्वमान्य असे घरगुती नाव नाही; नाव नसले की दुखणेच नाही असे वाटू लागते.

कायदा यात आपल्या पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र २०२३ साली नकार दिला. हे सारे कोर्टात झाले. घराच्या उंबऱ्याच्या आत कोर्टाचा बेलिफ येत नाही.

वराडचा नातू

सिंधुदुर्गात मालवणजवळ वराड नावाचे गाव आहे. तिथले अशोक वराडकर डॉक्टर होऊन परदेशी गेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी अभिमानाने बातम्या छापल्या. २०१९ च्या डिसेंबरात तो वराडला येऊनही गेला. हा लिओ समलिंगी आहे. २०१५ च्या जानेवारीत, मंत्री असताना, त्याने हे रेडिओवरच्या मुलाखतीत स्वतः सांगितले होते.

आयर्लंड कर्मठ कॅथलिक देश. नाताळात तिथे सहकुटुंब बघायची जी नाटके होतात, त्यांत प्रौढ बाईची विनोदी भूमिका पुरुष करतो. आपल्या मावशीसारखेच समजा. ('मोरूची मावशी'चे मूळही 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकातच आहे.) समलिंगी संबंध मात्र तिथे १९९३ पर्यंत गुन्हा होता, आणि तो कायदा इंग्रजांनी आपल्या दंडसंहितेच्या पुढच्याच वर्षी, १८६१ साली केलेला. राज्यकर्ते एक, साचा एक, आणि रंगमंचावर हसून रस्त्यावर हिणवण्याची रीतही एक.

२०१४ च्या जानेवारीत रॉरी ओनील या कलावंताने तिथल्या दूरदर्शनवर काही जणांचे लेखन समलिंगीद्वेष्टे असल्याचे म्हटले. ओनील रंगमंचावर 'पँटी ब्लिस' नावाच्या भपकेबाज बाईच्या वेषात येतात. ज्यांची नावे घेतली त्यांनी कायद्याचा बडगा दाखवला आणि वाहिनीने नुकसानभरपाई देऊन टाकली. देशभर वाद पेटला. १ फेब्रुवारीला डब्लिनच्या ॲबे या राष्ट्रीय नाट्यगृहात पँटीच्या वेषातच ओनील बोलायला उभे राहिले. भाषण विनोदी नव्हते. रस्ता ओलांडायला उभे असताना कोणी गाडीतून शिवी हासडली की राग नंतर येतो. आधी माणूस स्वतःलाच तपासतो, माझ्या उभे राहण्यातून, हातातून असे काय दिसले, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. ते भाषण जगभर ऐकले गेले. पुढच्या वर्षी, २२ मे २०१५ रोजी, आयर्लंडने सार्वमत घेतले आणि ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. हे एका भाषणाने झाले असे कोणी म्हणणार नाही. त्यामागे अनेक वर्षांची चळवळ होती, आणि आईबापांनी शेजाऱ्यांकडे जाऊन 'आमचा मुलगा असा आहे, मत द्या' म्हणून केलेली विनवणी होती.

पँटीचे ते शब्द कळले, तेव्हा मला सोलापूरच्या रस्त्याने हात अंगाशी धरून चालणारा तो मुलगा आठवला. डब्लिन आणि सोलापूर यांत फार अंतर नाही.

आपल्याच तालुक्यात

हे सारे परदेशी फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी माळशिरस तालुक्यात जाऊन यावे. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे जुने मंदिर आहे. एकाच मूर्तीत शिव आणि पार्वती यांना आपले पूर्वज हात जोडत आले. ज्ञानोबांची पालखी त्याच वाटेने पंढरीला जाते, आणि तिथे विटेवर उभ्या असलेल्या पुरुषाला सारा महाराष्ट्र 'विठाई माउली' म्हणून हाक मारतो. त्याच तालुक्यात तरंगफळ नावाचे गाव आहे. २०१७ साली या गावाने सरपंचाच्या थेट निवडणुकीत ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिले. गाव त्यांना 'माऊली' म्हणते.

तरंगफळचे मतदार काही परिसंवादाला जाऊन आले नव्हते. आपल्यातल्या एका माणसाला ते वर्षानुवर्षे बघत होते. हा आपला आहे, आपल्या कामाला येईल, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. आयर्लंडच्या मतदाराने तरी दुसरे काय केले?

घरातले काम याहूनही लहान आहे. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी 'मनाचिये गुंती' या पुस्तकात समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांचे अनुभव एकत्र केले आहेत. अशा घरांत बातमी कळल्यावर पहिला प्रश्न बहुधा 'लोक काय म्हणतील' हाच असतो. ते लोक म्हणजे आपणच. आपण काय म्हणणार, या धास्तीने कुणाच्या तरी घरात एक मूल गप्प बसले आहे. त्याला व्याख्यान नको असते. जेवताना टीव्हीवर कोणी साडी नेसून आले आणि बाप हसला, तर हसू दे; पण त्यापाठोपाठ बाप कोणता शब्द वापरतो, तिकडे त्या मुलाचे कान लागलेले असतात. त्या एका शब्दावरून ते ठरवते की या घरात बोलायचे, की हात अंगाशी घट्ट धरून चालायचे.

विनोद बंद करा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मावशी रंगमंचावर येत राहो, तिला टाळ्या पडत राहोत. फक्त प्रयोग संपल्यावर, रंग पुसून माणूस बाहेर आला की, त्याला निवांत घरी जाऊ द्या.