उसनं कुंकू नको

न्यू जर्सीत आल्यावर शेजारच्या पोरानं मला बेसबॉल कार्डांचा नाद लावला. खेळाडूच्या मोठ्या लीगमधल्या पदार्पणाचं ते 'रूकी' कार्ड. २००६पासून त्यावर 'आरसी' शिक्का असतो. खेळाडूची सही असेल, तर ती थेट कार्डावर हवी. स्टिकरवर घेऊन चिकटवलेली म्हणजे उसनं कुंकू!

आमच्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलच्या बेसबॉलपटू माइक ट्राउटचं २००९चं सहीचं बोमन क्रोम कार्ड, एकच प्रत असलेलं, २०२०मध्ये ३९ लाख डॉलरला गेलं. गंमत म्हणजे काटेकोर मंडळी त्याला रूकी मानत नाहीत; तेव्हा तो मोठ्या लीगमध्ये पोचलाच नव्हता. त्याचं रूकी कार्ड २०११चं.

मी मात्र कार्डांच्या एका मेळाव्यात ग्रिफी या बेसबॉलपटूची बनावट सही चाळीस डॉलरला घेतली. तुम्ही मात्र तज्ज्ञांनी तपासून सीलबंद केलेलंच कार्ड मागा.