तारेवरची बातमी

परदेशातला बातमीदार म्हटले की आज पॅरिसमध्ये तर उद्या मॉस्कोत असणारा एखादा साहसी पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. मधल्या एकवीस वर्षांत अशा बातमीदारांना मोठे महत्त्व होते. नभोवाणी नुकतीच मूळ धरीत होती. परक्या देशात काय चालले आहे, हे सामान्य वाचकाला मुख्यतः वर्तमानपत्रातूनच कळे. मात्र त्यांचे रोजचे काम जवळून पाहिले तर दिसते की, बातमी मिळवणे हा कामाचा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा भाग म्हणजे ती देशाबाहेर काढणे.

बातमी तारेने जाई. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यामुळे तार हा प्रकार आमच्या पिढीला ऐकूनच ठाऊक आहे. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात. म्हणून बातमीदार लहानसहान शब्द गाळत, दोन शब्द जोडून एक करत. या त्रोटक मजकुराची सरळ वाक्ये मुख्य कचेरीतला उपसंपादक करी. म्हणजे घटनेची जागा कधीही न पाहिलेला माणूस बातमीला अखेरचे रूप देई.

त्याआधी तार रवाना होऊ देणे हे तिथल्या सरकारच्या हाती असे. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. २१ मे १९३० रोजी गुजरातेत धारासणा येथील मिठागरावर सत्याग्रह झाला. सरोजिनी नायडू व मणिलाल गांधी पुढे होते. युनायटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचा वेब मिलर मुंबईहून रेल्वेने व पुढे पायी तिथे पोहोचला. हात न उचलता लाठ्या खाणारे सत्याग्रही त्याने पाहिले. तात्पुरत्या रुग्णालयात जाऊन त्याने जखमी मोजले, ते ३२० भरले. दोघे दगावले होते. परंतु त्याची तार सेन्सॉरने अडवली. ‘तुमची ही अडवणूकच जगापुढे मांडीन’ अशी तंबी त्याने दिली, तेव्हा कुठे ती सुटली. पुढे जगभरातील शेकडो वर्तमानपत्रांनी ती छापली.

मिलरला अडवणारा सेन्सॉर बाहेरचा होता. काही वेळा तो बातमीदाराच्या मनातच जाऊन बसतो. मॉस्कोत परराष्ट्र खात्याची मंजुरी मिळाल्याखेरीज तार स्वीकारली जात नसे. सरकारची मर्जी गेली तर व्हिसा जाई, आणि व्हिसा गेला की तिथली नोकरीही जाई. १९३३ च्या आरंभी युक्रेनमध्ये भीषण दुष्काळ होता, आणि बातमीदारांना परवानगीशिवाय तिकडे जाण्यास बंदी होती. गॅरेथ जोन्स हा सत्तावीस वर्षांचा वेल्श तरुण मॉस्कोत राहणारा नव्हता, पण त्याला रशियन उत्तम येई. मार्चमध्ये तो खारकोव्हच्या गाडीत बसला, मधेच उतरला आणि खेड्यांतून पायी हिंडला. शेतकऱ्यांच्या घरी तो झोपला, त्यांच्याशी बोलला. बर्लिनला पोहोचल्यावर २९ मार्चला त्याने दुष्काळाची हकिगत जाहीर केली.

दोनच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतील बातमीदार वॉल्टर ड्युरांटी याने ती खोडून काढली. आदल्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. उपासमारीने मृत्यू होत नाहीत, कुपोषणातून येणाऱ्या रोगांनी मात्र होतात, असा त्याचा युक्तिवाद होता! मॉस्कोतील इतर बातमीदारांनीही जोन्सला खोटे पाडण्यास हातभार लावला, अशी कबुली त्यांच्यापैकीच एक असलेल्या युजीन लायन्सने १९३७ साली आपल्या पुस्तकात दिली. एकट्या युक्रेनमध्ये त्या दुष्काळाने तीस लाखांहून अधिक माणसे मेली. जोन्सला रशियाचे दार कायमचे बंद झाले. ऑगस्ट १९३५ मध्ये, तिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, मंगोलियाच्या भागात दरोडेखोरांनी त्याला ठार केले.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडिलांना वाचता येत नाही. सुट्टीत मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि ‘छापलंय म्हणजे खरंच असणार’ असे ते म्हणतात. वर्तमानपत्रे खोटी असतात, असे मी त्यांना सांगणार नाही. मिलर आणि जोन्स वर्तमानपत्रासाठीच लिहीत होते. पण ड्युरांटीही छापूनच येत होता. तेव्हा बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. लिहिणारा घटनेच्या जागी गेला होता का? कोणाच्या परवानगीने गेला? आणि खरे लिहिले तर त्याचे काय जाणार होते? अक्षर न येणाऱ्या माणसालाही हे तीन प्रश्न विचारता येतात.