दंडावरची खूण आणि नकाराचा हक्क

घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण बहुधा आढळतेच. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. ज्या समाजात रोगालाच देवीचे नाव होते, तेथे टोचणी म्हणजे तिच्या कोपाला आमंत्रण, असे अनेकांना वाटे. त्या श्रद्धेला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण खुद्द जेन्नरच्या इंग्लंडातही याहून निराळे घडले नाही.

तेथे 1853 साली तान्ह्या बालकांना देवी टोचणे कायद्याने सक्तीचे झाले. 1867 च्या कायद्याने तर नकार देणाऱ्या पालकाला त्याच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला. श्रीमंत दंड भरून सुटत. मजुराच्या घरातील भांडीकुंडी मात्र लिलावात निघत. ईश्वराने दिलेल्या निर्मळ देहात जनावराच्या रोगाचे द्रव्य मिसळणे काही धर्मनिष्ठांना पाप वाटे. इतरांची भीती अगदी ऐहिक होती. त्या काळी एका बालकाच्या दंडावरील फोडातील द्रव काढून तो दुसऱ्याला टोचत, आणि त्यातून कधीकधी धावरे, उपदंश यांसारखे रोगही संक्रमित होत. ही तक्रार खोटी नव्हती.

या असंतोषाचे केंद्र होते लेस्टर हे कारखान्यांचे शहर. 23 मार्च 1885 रोजी तेथे देशभरातून हजारोंचा जमाव लोटला आणि जेन्नरच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली. त्या मिरवणुकीपेक्षा मला मोलाचे वाटते ते लेस्टरने नकारासोबत उभारलेले काम. देवीच्या रुग्णाची तत्काळ वर्दी द्यायची, त्याला रुग्णालयात वेगळे ठेवायचे, संपर्कातील माणसांवर देखरेख ठेवायची आणि घर निर्जंतुक करायचे, अशी शिस्त नगराने स्वीकारली. ती राबवणाऱ्या रुग्णसेवकांपैकी बहुतेकांना लस टोचलेली असे, हे मात्र चळवळीच्या सभांत फारसे सांगितले जात नसे!

सरकारने 1889 मध्ये चौकशी आयोग नेमला. 1898 च्या कायद्याने दोन गोष्टी एकदमच केल्या : दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत बंद करून वासराच्या लसीचा मार्ग धरला, आणि सदसद्विवेकबुद्धीला न पटणाऱ्या पालकांना सूट दिली. प्रारंभी त्यासाठी न्यायाधिकाऱ्यांची खात्री पटवावी लागे. 1907 पासून प्रतिज्ञेवर केलेले निवेदन पुरेसे ठरले.

अशा सवलतीची किंमत अलीकडे न्यूयॉर्कने मोजली. शाळाप्रवेशासाठीच्या लसींतून तेथे धार्मिक कारणाने सूट मिळत असे. 2018-19 मध्ये न्यूयॉर्क शहरात गोवराचे 649 रुग्ण आढळले; त्यांतील बहुसंख्य सनातनी ज्यू वस्त्यांतील होते. वास्तविक ज्यू धर्मात लसीला मनाई नाही. अनेक धर्मगुरूंनी लस घेण्याचेच आवाहन केले, आणि त्याच समाजातील परिचारिका शंकाकुल मातांशी बोलत राहिल्या. जून 2019 मध्ये विधिमंडळाने ती सूट रद्द केली, तेव्हा विरोध करणारे पालक सभागृहात आक्रोश करीत होते. त्यांची वेदना खरी होती. तशीच गोवराने तापलेल्या मुलांचीही.

आपल्याकडे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते. म्हणजे घरातील वृद्धाचा नकार हा त्याचा हक्क आहे. त्याला न सांगता, फसवून सुई टोचणे ही शुश्रूषा नव्हे.

पण नकार ऐकून उठूनही जाऊ नये. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजी फ्लूची लस नको म्हणतात, तेव्हा अडचण कदाचित सुईची नसते. फ्लूच्या पुष्कळ लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे त्यांच्या कानावर गेलेले असते. अंड्याविना तयार होणाऱ्या फ्लूच्या लसीही जगात आहेत. आपल्या गावी त्यांपैकी एखादी मिळते का, हे डॉक्टरांना विचारता येईल. न्यूमोनियावरील न्यूमोकोकल लस तर अंड्यात वाढवतच नाहीत. एवढे कळल्यावर काही माळकरी आजी हात पुढे करतील. काही तरीही नाहीच म्हणतील. तेव्हा त्यांना जेवण भरवणाऱ्या सुनेने, शाळेतून येऊन त्यांच्या कुशीत शिरणाऱ्या नातवाने आणि रात्रपाळीच्या सेविकेने स्वतः फ्लूची लस घ्यावी, आणि घरात कोणाला खोकला-ताप असेल तर त्याने बरे होईपर्यंत आजींच्या खोलीबाहेर राहावे.