पेटी विकावी की ठेवावी?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अंथरूण जुने झाले तर ते शिवून घ्यावे की विकून नवे आणावे, याविषयी ती म्हण काही सांगत नाही. गेल्या दिवाळीत आमच्या पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. मात्र तो अंथरुणाचा नव्हता, संगणकाचा होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो आज ना उद्या येणारच, म्हणून आमचा हिशेब येथे मांडत आहे.

माझा दादा आय.टी.आय. करून चाकणच्या एका कारखान्यात लागला. २०२१ मध्ये त्याने पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत एक वापरलेला गेमिंग संगणक घेतला. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जी.बी. रॅम आणि जी.टी.एक्स. १०५० टीआय नावाचे ग्राफिक्स कार्ड आहे. आता पाळ्यांमुळे दादाला खेळायला सवड मिळत नाही. त्या संगणकावर मी निबंध लिहिते आणि ड्राफ्ट्समनचा कोर्स करणारी धाकटी बहीण ऑटोकॅडमध्ये यंत्रभागांची रेखाचित्रे काढते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. आमचा एकाच पिढीने मागे राहिला! मला आयतेच निमित्त सापडले. “ही पेटी विकून टाकू आणि मला लॅपटॉप घेऊ,” असा मी हट्ट धरला. आप्पांच्या बोनसमधून छत्तीस हजार रुपये बाजूला ठेवता येणार होते. दुकानदाराने पेटीचे नऊ हजार सांगितले. दादा एवढेच म्हणाला, “विकायची तर विका. पण आधी नीट विचार करा.”

विचार करायचा म्हणजे आधी ग्राफिक्स कार्ड काय करते ते समजून घ्यायला हवे. आपल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. खेळात सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. या कामासाठी कार्डात शेकडो लहान गणनाकेंद्रे एकाच वेळी राबतात. निबंध लिहिताना मात्र पडदा जवळजवळ स्थिर असतो. तेव्हा माझ्यासारखीला ते कार्ड म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखे आहे. बहिणीचे तसे नाही. यंत्रभागाचे त्रिमिती चित्र फिरवून पाहताना तिला त्या कार्डाचा खरोखर उपयोग होतो.

माझा दुसरा मुद्दा विजेचा होता. शेजारच्या वायरमन काकांनी प्लगला मीटर लावून दिला. लिहिताना पडद्यासह संगणक सुमारे ८० वॉट घेत होता. मैत्रिणीचा लॅपटॉप सुमारे २० वॉट. रोज चार तास धरले तर महिन्याला ९.६ युनिट विरुद्ध २.४ युनिट. फरक ७.२ युनिटांचा. एवढ्यासाठी हजारो रुपये घालणे शहाणपणाचे नाही, हे मलाही कबूल करावे लागले.

मग लॅपटॉप हवाच कशाला? दोन कारणे उरली. तो ग्रंथालयात नेता येतो आणि वीज गेली तरी लिहिलेले जात नाही. इतिहासाचे चार पानी टिपण मी असेच एकदा गमावले आहे. गेमिंग लॅपटॉप घेऊन दोन्ही गरजा भागतील असे वाटत होते. परंतु तो जड असतो, विनाप्लग फार वेळ चालत नाही आणि उष्णता बाहेर पडायला जागा कमी असल्याने त्यातले कार्ड बहुधा मोठ्या पेटीतल्या कार्डाइतके जोर धरत नाही. शिवाय पुढे त्यातला प्रोसेसर किंवा कार्ड सहसा बदलता येत नाही.

पेटीचा खरा गुण येथेच कळतो. तिचे भाग सुटे असतात. आम्ही फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला. बाराव्या पिढीचा आय-थ्री आणि जुनीच डी.डी.आर.-फोर रॅम चालेल असा बोर्ड मिळून चौदा हजार लागले. रॅम, कार्ड, पडदा सारे जुनेच राहिले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले होते, त्यामुळे जुनी रॅम कामी आली हे विशेष. उरलेल्या बावीस हजारांत मी कचेरीत वापरून झालेला, दुरुस्त करून विकलेला अकराव्या पिढीचा लॅपटॉप घेतला. असा लॅपटॉप घेताना दुकानातच प्लग काढून तासभर चालवून पाहावा, सगळी बटणे दाबून पाहावीत आणि वॉरंटी पावतीवर लिहून घ्यावी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. लॅपटॉपचा हट्ट मी विंडोजमुळे किंवा विजेमुळे धरला नव्हता. वर्गात बहुतेकांजवळ लॅपटॉप होते आणि माझ्याजवळ पेनड्राइव्ह होता, याची मला लाज वाटत असे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. तेव्हा इतरांसारखे दिसावे ही ओढ मोठी होती. त्या ओढीपायी मी बहिणीचे साधन आणि दादाच्या कमाईची पहिली वस्तू नऊ हजारांत घालवायला निघाले होते. हिशेब मांडला नसता तर हे मला कळलेच नसते.

म्हणून माझी विनंती इतकीच, की यंत्र बदलण्यापूर्वी कागद घ्यावा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव व त्याचे काम लिहावे. यंत्राचे नाव सर्वांत शेवटी लिहावे.

परवा दादा रात्रपाळीहून आला तेव्हा बहीण पेटीवर गिअरचे चित्र फिरवीत होती. तो न झोपता तिच्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, “दाते मोजलेस का?”